दोन इंजिनांच्या बोटीतील विजेचे बिघाड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे दोन इंजिनांच्या मोटरबोटींतील विजेच्या तक्रारींविषयी आहेत, म्हणून संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बिघाड नेमका कुठे आहे हे कळण्याआधीच बॅटरी, स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) असे भाग बदलले गेले आहेत आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला आहे. वास्तविक अशा बोटीच्या मालकाला एक मोठी सोय आपोआप मिळालेली असते, ती म्हणजे त्याच बनावटीचे, तशाच वायरिंगचे एक चांगले चालणारे इंजिन शेजारीच असते. चांगल्या बाजूला मीटर काय दाखवतो हे आधी लिहून घेतले, तर आजारी बाजूला काय चुकते आहे हे शोधायला पुस्तकाचीही गरज पडत नाही. मात्र ही दोन इंजिने काही ठिकाणी एकमेकांना जोडलेली असतात आणि त्या जोडांमुळे एका बाजूचा दोष दुसऱ्या बाजूला दिसू शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते. पुढील सर्व आकडे १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठी आणि लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहेत. २४ व्होल्टची यंत्रणा असल्यास व्होल्टचे आकडे दुप्पट धरावेत.

प्रश्न : माझ्या बोटीत दोन डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली) इंजिने असून प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी आहे. उजवे इंजिन किल्ली फिरवताच सुरू होते. डाव्याची किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि चार-पाच प्रयत्नांनंतर ते कधीतरी फिरते. बॅटरी नवी टाकली, स्टार्टर उघडून कार्बन ब्रश बदलले, तरीही फरक पडलेला नाही. आता सोलेनॉइड (स्टार्टरला मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : अजून मानू नये. ‘टक्’ आवाज आला याचा अर्थ सोलेनॉइडची दांडी हलली, एवढेच खात्रीने म्हणता येते. तिच्यापुढे प्रवाह का गेला नाही याची किमान चार कारणे असू शकतात आणि त्यांतील तीन कारणे सोलेनॉइडच्या बाहेरची आहेत.

तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. मोजमाप करताना स्टार्टर वारंवार फिरवावा लागतो, म्हणून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी, म्हणजे डिझेल इंजिनाची बंद करण्याची खीळ ओढून धरावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. दुसरी खबरदारी पुष्कळांना ठाऊक नसते. इंजिन सुरू न होता नुसते फिरत राहिले, तर समुद्राचे पाणी खेचणारा पंपही फिरत राहतो. ते पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसल्यामुळे सायलेन्सरमध्ये साचते आणि तेथून सिलिंडरमध्ये उतरू शकते. म्हणून दीर्घ तपासणीच्या वेळी त्या इंजिनाचा पाण्याचा सीकॉक (समुद्राचे पाणी आत घेणारा नळ) बंद ठेवावा आणि किल्लीवर ठळक चिठ्ठी बांधावी, म्हणजे नंतर तो उघडायचे विसरणार नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्टार्टर फिरवू नये.

आता मूळ तपासणी पाहू. मल्टीमीटरची दोन टोके बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरच धरावीत, त्यांवर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हेत. काही तास विश्रांती घेतलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास आणि जवळजवळ रिकामी ११.९ च्या खाली. त्यानंतर कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून मीटरकडे पाहावे. येथे वाट फुटते. ‘टक्’ आवाज येताना मीटर १२.४ व्होल्टवरच राहिला, तर बॅटरीतून मोठा प्रवाह निघतच नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा सोलेनॉइडचे आतले संपर्क जळाले आहेत. मीटर सात-आठ व्होल्टपर्यंत कोसळला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा स्टार्टर वा इंजिन जड झाले आहे. निरोगी यंत्रणेत स्टार्टर फिरत असताना बॅटरी साधारण १० व्होल्टच्या वर राहते.

आपल्या वर्णनावरून पहिली शक्यता अधिक वाटते. ती तपासण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर धरून किल्ली फिरवावी. या वेळी मीटर जो आकडा दाखवतो, तेवढे व्होल्टेज वाटेतल्या केबल, जोड आणि बॅटरी स्विच यांनी खाल्लेले असते. मग हीच कृती निगेटिव्ह बाजूला करावी, म्हणजे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या रंग खरवडलेल्या धातूवर धरावे. निगेटिव्ह बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक दोष तेथेच सापडतात. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल, तर वाट मोकळी आहे असे समजावे. मात्र हे मोजमाप प्रवाह वाहत असतानाचेच ग्राह्य धरावे. स्टार्टर फिरलाच नाही, तर अर्धवट खराब झालेला जोडही निर्दोष दिसतो. म्हणून जेव्हा इंजिन रडतखडत फिरते, त्या प्रयत्नातला आकडा नोंदवावा आणि मग उजव्या इंजिनाचा आकडा त्याच्या शेजारी लिहावा. उजवीकडे ०.३ आणि डावीकडे २.१ व्होल्ट अशी नोंद झाली, तर दोष सापडल्यातच जमा आहे. मग मीटरचे टोक एकेका जोडावर पुढे सरकवत, आकडा कुठे उडी मारतो ते पाहावे.

केबल निरोगी आहे हे ठरवण्यासाठी अनेक जण मीटरची ‘पीं’ अशी शिटी ऐकून समाधान मानतात. ती शिटी येथे निरुपयोगी आहे. स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध २ व्होल्ट खातो. एवढा सूक्ष्म रोध साधा मीटर दाखवू शकत नाही. मोठ्या केबलची एकच तार शाबूत राहिली असली तरी शिटी वाजतेच.

अशाच तक्रारीच्या एका बोटीवर मी दोन तास घालवले होते. निगेटिव्ह केबलचे इंजिनाकडचे लग (केबलच्या टोकाचे धातूचे कडे) बाहेरून चकचकीत होते, बोल्ट घट्ट होता आणि लगच्या मानेवर कोणीतरी काळजीपूर्वक काळी टेप गुंडाळलेली होती. टेप चिरली तेव्हा आतून हिरवट पूड सांडली. केबलचे आवरण मागे सोलत गेलो, तर चार बोटांच्या अंतरापर्यंत तांबे काळे पडले होते आणि क्रिम्पच्या (लगच्या दाबून बसवलेल्या भागाच्या) आत ते इतके कळकले होते की, बोटांनी चुरडताच तारा तुटत होत्या. टेपने पाणी बाहेर ठेवले नव्हते, उलट आत शिरलेले पाणी धरून ठेवले होते. तेथे कथिलाचा मुलामा दिलेली नवी केबल, योग्य डायने दाबलेले लग आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवली आणि स्टार्टर, सोलेनॉइड, बॅटरी हे सर्व जसेच्या तसे ठेवून इंजिन पहिल्या फेरीत सुरू झाले.

दोन्ही वाटा मोकळ्या निघाल्या, तर सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलकडे वळावे. किल्ली धरून ठेवली असताना तेथे जवळजवळ बॅटरीइतके व्होल्टेज मिळाले पाहिजे. ते बरेच कमी असेल, तर दोष नियंत्रणाच्या बारीक वायरमध्ये आहे. ही वायर इंजिनापासून सुकाणूपर्यंत जाते, किल्ली आणि न्यूट्रल स्विच यांतून फिरते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. या लांब प्रवासातील सर्वांत दुबळी जागा म्हणजे इंजिनाजवळचा बहुपिनी गोल प्लग, कारण तो बहुधा ओलाव्यात लोंबकळत असतो. तो उघडून पिना पाहाव्यात, स्वच्छ कराव्यात आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. या वायरीवर रिले (लहान प्रवाहाने चालणारा स्विच) असल्यास उजव्या इंजिनाचा रिले डाव्याला लावून पाहावा. दोष रिलेबरोबर उजवीकडे गेला, तर रिलेच बदलायचा आहे. एवढे सर्व निर्दोष निघाले, लहान टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज आहे, मोठ्या बोल्टवरही पूर्ण व्होल्टेज आहे आणि तरी स्टार्टर गप्प आहे, अशी स्थिती असेल, तर आपल्याला मिळालेला सल्ला बरोबर ठरतो आणि सोलेनॉइड खुशाल बदलावा.

प्रश्न : उजवे इंजिन सुरू करताना डाव्या इंजिनाच्या मीटरचे काटे उड्या मारतात. एकदा तर उजव्या इंजिनाची गिअरची केबल हाताला गरम लागली. हे वायरिंगचे किरकोळ दोष समजून चालावे का?

उत्तर : कृपया तसे समजू नये आणि दुरुस्ती होईपर्यंत ते इंजिन सुरू करू नये. गरम झालेली गिअरची केबल ही आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

स्टार्टरला पॉझिटिव्ह केबलमधून जेवढा प्रवाह मिळतो, तेवढाच प्रवाह इंजिनाच्या धातूतून निगेटिव्ह केबलवाटे बॅटरीकडे परतावा लागतो. ती निगेटिव्ह केबल सैल झाली, गंजली किंवा तुटली, तर प्रवाह थांबत नाही. त्याला जो धातूचा रस्ता मिळेल त्याने तो जातो आणि दोन इंजिनांच्या बोटीत असे रस्ते पुष्कळ असतात. गिअर आणि थ्रॉटलच्या केबलांचे पोलादी आवरण, मीटरच्या बारीक काळ्या वायरी, इंधनाची धातूची नळी अशा मार्गांनी तो दुसऱ्या इंजिनाकडे आणि तेथून बॅटरीकडे पोहोचतो. काट्यांच्या उड्या हे त्याचेच लक्षण आहे. मीटरच्या निगेटिव्ह वायरीतून नको तो प्रवाह वाहू लागला की, तिचे शून्य खरे शून्य राहत नाही. शेकडो अँपिअर वाहण्यासाठी न बनलेली वायर काही सेकंदांत लाल होऊ शकते आणि तिच्या शेजारी इंधनाची नळी असते.

याच कारणासाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात स्पष्ट तरतूद आहे. एकाहून अधिक इनबोर्ड इंजिने असतील, तर ती एकमेकांना अशा केबलने जोडलेली असावीत, जी कोणत्याही एका स्टार्टरचा पूर्ण प्रवाह वाहून नेऊ शकेल. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या) इंजिनांच्या बाबतीत हा जोड बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलांशी केला जातो. आपल्या बोटीत ही जाड केबल आहे का, हे प्रथम पाहावे. पुष्कळ जुन्या बोटींत ती मुळातच नसते किंवा एखाद्या दुरुस्तीनंतर पुन्हा बसवायची राहून जाते. तरीही ती केबल मुख्य निगेटिव्ह केबलचा पर्याय नव्हे. प्रत्येक इंजिनाची स्वतःची निगेटिव्ह केबल शाबूत हवी आणि ती वरच्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतीने तपासावी. फक्त आपल्या बाबतीत स्टार्टर फिरवण्याआधी डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी करावी, कारण चाचणी करतानाही प्रवाह त्याच चुकीच्या वाटेने जाणार आहे.

इंजिने पेट्रोलची असतील, तर कोणताही जोड सोडण्यापूर्वी इंजिनाच्या खोलीत नाकाने वास घ्यावा, ब्लोअर (हवा बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटे चालवावा आणि मगच बॅटरीची आधी निगेटिव्ह व नंतर पॉझिटिव्ह बाजू सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरेशी होते.

प्रश्न : दोन्ही इंजिने चालू असताना उजव्या बाजूचा अँपिअर मीटर २५ ते ३० दाखवतो आणि डाव्याचा काटा शून्याजवळच असतो. डावा अल्टरनेटर दोनदा दुरुस्त करून घेतला. कार्यशाळेत तो उत्तम चालतो, बोटीवर मात्र चालत नाही. बॅटरी स्विच मी नेहमी ‘दोन्ही’ या स्थितीत ठेवतो.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यात बहुधा उत्तर आहे. आपला डावा अल्टरनेटर बिघडलेला नसण्याचीच शक्यता मोठी आहे.

प्रत्येक अल्टरनेटरचा रेग्युलेटर ठरावीक व्होल्टेजला चार्जिंग कमी करतो. दोन रेग्युलेटर कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा, उजवा १४.४ व्होल्टला आणि डावा १४.१ व्होल्टला बसवलेला आहे. स्विच ‘दोन्ही’वर असल्याने दोन्ही अल्टरनेटर एकाच बॅटरी-समूहाला जोडलेले आहेत. उजवा व्होल्टेज १४.४ पर्यंत नेतो, डावा रेग्युलेटर ते पाहतो आणि बॅटरी भरलेली आहे असे समजून आपले काम थांबवतो. यात कोणाचाही दोष नाही. बॅटऱ्या खूप उतरलेल्या असतील आणि व्होल्टेज १४.१ च्या खाली असेल, तेव्हा दोघेही काम करताना दिसतील.

खात्री करण्यासाठी दोन्ही इंजिने बंद असताना स्विच असा ठेवावा की, प्रत्येक अल्टरनेटर फक्त स्वतःच्या बॅटरीला जोडलेला राहील. आपल्या बोटीत दोन्ही बाजूंना मिळून एकच स्विच असेल, तर फक्त डावे इंजिन चालवून पाहावे. साधारण १,५०० फेऱ्यांवर काही मिनिटे चालवून, सर्व दिवे आणि पंप लावून, बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज मोजावे. १३.८ ते १४.४ मिळाले, तर अल्टरनेटर ठीक आहे. व्होल्टेज १२.५ च्या आसपासच राहून हळूहळू उतरू लागले, तर मात्र खरा दोष आहे आणि तो शोधताना पहिली नजर किल्ली लावल्यावर लागणाऱ्या चार्जिंगच्या लाल दिव्याकडे टाकावी. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचा चेतना-प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा गेलेला असेल किंवा त्याचा होल्डर गंजला असेल, तर अल्टरनेटर जागाच होत नाही किंवा इंजिन जोरात फिरवल्यावर जागा होतो. कार्यशाळेतील चाचणी-बाकावर हा प्रवाह वेगळा दिला जातो, त्यामुळे तेथे सर्व सुरळीत दिसते. दुरुस्त करून आणलेला अल्टरनेटर बोटीवर पुन्हा गप्प बसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्यानंतर पट्टा पाहावा. दोन पुलींच्या मध्यावर बोटाने दाबल्यावर तो सुमारे एक सेंटिमीटर दबावा आणि आजूबाजूला काळी भुकटी पडलेली नसावी.

बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्यासाठी डायोडचा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा) आयसोलेटर बसवलेला असेल, तर त्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, हेही ध्यानात घ्यावे. अल्टरनेटरवर १४.२ असले तरी बॅटरीवर १३.५ च पोहोचतात आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. रेग्युलेटरची जाणीव-वायर (ज्या वायरीने तो व्होल्टेज ओळखतो ती) बॅटरीच्या बाजूला नेली की हा तोटा भरून निघतो. व्होल्टेज पाहून जुळणारा आणि सुटणारा रिले लावला, तर हा तोटा मुळात होतच नाही.

इंजिन चालू असताना स्विच ‘बंद’ या स्थितीतून कधीही फिरवू नये आणि अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनाच्या बॅटरीची केबल काढण्याची जुनी युक्तीही करू नये. बॅटरीचा आधार एका क्षणासाठी सुटला तरी अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळते, त्याचे डायोड जळतात आणि त्याच तारेवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोबत जाऊ शकतात.

प्रश्न : डाव्या इंजिनाचा अल्टरनेटर बदलल्यापासून त्याचा फेऱ्यांचा मीटर उजव्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. कानाला मात्र दोन्ही इंजिने एका सुरात वाटतात.

उत्तर : कानावर विश्वास ठेवावा. दोन इंजिनांच्या वेगात थोडा फरक असला तर आवाजात लाटेसारखा चढ-उतार ऐकू येतो आणि वेग जुळला की तो विरतो. डिझेल इंजिनांत फेऱ्यांचा संकेत बहुधा अल्टरनेटरकडूनच घेतला जातो. नव्या अल्टरनेटरची पुली जुन्यापेक्षा मोठी असेल, तर तो हळू फिरतो आणि मीटर कमी दाखवतो. आतील ध्रुवांची संख्या वेगळी असली तरी आकडा बदलतो. फरक प्रमाणात आहे का ते पाहावे. उजवा १,००० दाखवत असताना डावा ९०० आणि उजवा ३,००० असताना डावा २,७०० दाखवत असेल, तर मीटरच्या पाठीमागील निवड-स्विच किंवा स्क्रू फिरवून तो जुळवता येईल. जुळवणी झाल्यावर एकदा प्रकाशाने मोजणाऱ्या हातातल्या मीटरने खऱ्या फेऱ्या तपासाव्यात. फरक प्रमाणात नसेल आणि दिवे लावल्यावर वाढत असेल, तर नवा पट्टा भाराखाली घसरतो आहे.

प्रश्न : वरच्या मजल्यावर दुसरे सुकाणू बसवले आणि तेथे तापमानाचे व तेलाच्या दाबाचे मीटर जोडले. तेव्हापासून दोन्ही इंजिने पूर्वीपेक्षा थंड असल्याचे तापमानाचे सर्व मीटर सांगतात. इंजिने खरोखर थंड चालत आहेत का?

उत्तर : बहुधा नाही आणि म्हणूनच हा दोष लवकर दूर करावा, कारण इंजिन तापत असतानाही मीटर आपल्याला निर्धास्त ठेवील. इंजिनावरचा तापमानाचा सेंडर हा एक बदलता रोध असतो. इंजिन तापते तसा त्याचा रोध कमी होतो. आधी त्यातून एका मीटरचा प्रवाह जात होता, आता दोन मीटरांचा जातो. त्यामुळे प्रत्येक मीटरला तो रोध प्रत्यक्षापेक्षा सुमारे दुप्पट भासतो, म्हणजेच इंजिन थंड भासते. दोन सुकाणूंच्या बोटींसाठी निम्म्या रोधाचे वेगळे सेंडर मिळतात आणि आपल्याला तेच लागतील. ते निवडताना मीटरची जातही पाहावी. अमेरिकन पद्धतीचे सेंडर साधारण २४० ते ३३ ओहमचे असतात आणि युरोपीय पद्धतीच्या तेलदाबाचे व टाकीचे १० ते १८० ओहमचे. या दोघांची दिशाच उलटी आहे, म्हणून सरमिसळ केल्यास काटा उलटा चालतो.

तापमानाचा मीटर स्वतः निरोगी आहे का, हे पाहण्यासाठी किल्ली लावून सेंडरची वायर काढावी. काटा थंड टोकाला जावा. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की काटा गरम टोकाकडे धावला पाहिजे. सेंडर बदलेपर्यंत काट्यावर न विसंबता, धोक्याचा भोंगा वाजवणारा स्वतंत्र स्विच चालू स्थितीत आहे ना, हे तपासून ठेवावे.

प्रश्न : बोट चार दिवस नांगरून ठेवली की दोन्ही बॅटऱ्या उतरतात. सर्व स्विच बंद केलेले असतात.

उत्तर : प्रथम दोन्ही का उतरतात हे पाहावे, कारण भार बहुधा एकाच बाजूला आहे. बॅटऱ्या व्होल्टेज पाहून जोडणाऱ्या रिलेने जोडलेल्या असतील, तर इंजिने बंद झाल्यावर व्होल्टेज साधारण १२.८ पर्यंत उतरले की त्याने सुटले पाहिजे. तो चिकटून बसला असेल किंवा हाताचा स्विच ‘दोन्ही’वर राहिला असेल, तर एका बॅटरीची गळती दुसरीलाही घेऊन बुडते. इंजिने बंद करून अर्ध्या तासाने दोन्ही पॉझिटिव्ह खांबांच्या मध्ये मीटर लावावा. आकडा शून्य आणि दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या वयाच्या असतील, तर त्या अजूनही जोडलेल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही.

गळती मोजण्यासाठी एका बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला जोडलेल्या सर्व केबली काढाव्यात आणि त्या केबली व खांब यांच्या मध्ये अँपिअरवर लावलेला मल्टीमीटर जोडावा. साध्या मीटरची मर्यादा १० अँपिअर असते, म्हणून या वेळी किल्लीला हात लावू नये आणि मीटर जोडताना पंप सुरू होणार नाही इतका बिल्ज (बोटीचा पाणी साचणारा तळ) कोरडा असावा. अर्धा अँपिअर ही क्षुल्लक गळती वाटते, पण चार दिवसांत ती ४८ अँपिअर-तास घेते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी. आकडा मिळाला की एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर दोष आहे. कोणताच फ्यूज काढून आकडा पडला नाही, तर बॅटरीला परस्पर जोडलेल्या वायरी पाहाव्यात, शेवटी अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. डायोड फुटलेला अल्टरनेटर इंजिन बंद असतानाही प्रवाह खेचतो.

बिल्ज पंपाची वायर मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह, थेट बॅटरीला जोडलेलीच असावी. तोच बॅटरी उतरवतो आहे असे आढळले, तर वायर काढून प्रश्न सोडवू नये. पंप वारंवार का चालतो, म्हणजे पाणी कुठून येते आहे, ते शोधावे. शाफ्टच्या (प्रोपेलरच्या दांड्याच्या) पॅकिंगमधून ठिबकणारे पाणी हे त्याचे नेहमीचे कारण आहे. फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप चालू करणारा) कचऱ्यात अडकून वरच राहिला असेल, तर पंप कोरडा फिरत राहतो आणि जवळ कान नेला तर तो बारीक गुणगुणाट ऐकूही येतो.

प्रश्न : डाव्या ड्राइव्हचा (पाण्यातील प्रोपेलर-यंत्रणेचा) झिंक (बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) काही आठवड्यांत संपतो आणि उजव्याचा वर्षभर जसाच्या तसा राहतो. डावीकडे मोठा झिंक लावावा का?

उत्तर : मोठा झिंक लावल्याने कारण झाकले जाईल. संशय दोन्ही बाजूंवर घ्यावा. वर्षभर न झिजलेला झिंक काम करत नसण्याचीच शक्यता आहे, म्हणजे उजव्या ड्राइव्हला इंजिनाशी जोडणारी बाँडिंगची (धातूचे भाग एकमेकांशी जोडणारी) वायर तुटली असावी किंवा झिंकच्या खाली रंग लागला असावा. बोट पाण्याबाहेर असताना झिंक आणि इंजिनाचा धातू यांच्यातील रोध मोजावा. तो एका ओहमच्या आत असला पाहिजे. उजवा झिंक जोडलेला नसेल, तर डावा एकटाच सगळ्यांचे ओझे वाहतो आहे.

जोड दोन्हीकडे ठीक असतील, तर डाव्या बाजूला भरकटलेला प्रवाह आहे, असे मानून शोध घ्यावा. बिल्जमधील पाण्यात बुडालेला, आवरण सोललेला पॉझिटिव्ह जोड हे त्याचे सर्वांत सामान्य उगमस्थान आहे आणि असा प्रवाह झिंक संपल्यावर ड्राइव्हचे ॲल्युमिनियम काही दिवसांतही खाऊ शकतो. रुप्याच्या संदर्भ-इलेक्ट्रोडचे टोक पाण्यात सोडून, दुसरे टोक बाँडिंगला लावून, एकेक भार चालू-बंद करताना आकडा हलतो का ते पाहावे. ज्या स्विचला आकडा हलतो, त्याची वायर तपासावी.

बोट धक्क्यावरच्या विजेला जोडून ठेवत असाल, तर तिची हिरवी सुरक्षा-वायर आपल्या बोटीचा धातू शेजारच्या बोटींच्या धातूशी जोडते आणि आपला झिंक त्यांच्यासाठीही झिजतो. त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (झिंक झिजवणारा हा लहान प्रवाह अडवणारे उपकरण) बसवून घ्यावा. सुरक्षा-वायर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. ती काढल्यावर एखाद्या उपकरणातला दोष बोटीभोवतीचे पाणी विजेने भारित करतो आणि त्यात पोहणाऱ्याचे स्नायू लुळे पडून तो बुडतो. धक्क्यावरची वीज जोडलेली असताना झिंक पाहण्यासाठीसुद्धा कोणी पाण्यात उतरू नये आणि त्या विजेच्या बाजूचे काम परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.